चोर हुशार होता, पण कुणाला दिसलाच नाही

आमच्या गेममध्ये चौथ्यांदा मेल्यावर त्या आठवीतल्या पोराने माउस सोडला, खिशातून मोबाइल काढला आणि तो रील बघायला लागला. मी वही घेऊन त्याच्या मागेच उभा होतो. विचारलं, "काय रे, कंटाळलास?" मान वर न करता तो म्हणाला, "दादा, तुमचा चोर चीटिंग करतो."

शेजारच्या मशीनवर कॉलेजातला एक मुलगा तोच गेम खेळत होता. तीच रात्र, तेच चोर. दोन मिनिटांनी त्याचंही मत आलं. "सगळे बॉट आहेत यार. डोकंच नाही त्यांना."

कोड एकच होता, दोन मशीनमध्ये एका ओळीचाही फरक नव्हता. त्या चोराला अक्कल देण्यात माझे चार महिने गेले होते, तेही अंधेरीची नोकरी करून घरी आल्यावरच्या रात्री. एकाला तो लबाड वाटला, दुसऱ्याला मठ्ठ. मजा दोघांनाही आली नाही. पुढचे जवळजवळ तीन महिने आम्ही या दोन वाक्यांच्या मागे होतो.

गेम, चोर आणि कॅफे

आम्ही तिघं. शत्रूंचं वागणं मी लिहितो, चित्रं एक मैत्रीण काढते आणि उरलेलं सगळं, म्हणजे खरं काम, एक मित्र करतो. गेम वरून दिसणारा, एका बंद गिरणीत घडणारा. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यानंतर गिरणगावातल्या कितीतरी गिरण्यांचा भोंगा पुन्हा नीट वाजलाच नाही. मैत्रिणीचे आजोबा साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या मागांवर होते. त्यांनी सांगितलेली गिरणी तिने चितारली आहे: साच्यांच्या रांगा, लोखंडी जिने, छपराच्या फुटक्या काचांमधून पडणारं चांदणं. खेळणारा असतो रात्रीचा रखवालदार. त्याच्याकडे लाठी आणि बॅटरी. आत शिरतात ते भंगारचोर, तांब्याच्या तारा आणि पितळी भाग पळवायला.

खेळायचे प्रकार तीन. 'सात रात्री' म्हणजे गोष्ट, रात्रीमागून रात्र पुढे सरकणारी. 'डबल ड्युटी' म्हणजे चोरांच्या लाटांवर लाटा येतात आणि आपण जमेल तितका वेळ टिकायचं. 'जोडी' म्हणजे एका कीबोर्डवर दोघांनी खेळायचं.

माझ्या चोराला उजेड दिसायचा, पावलं ऐकू यायची. एक चोर समोरून भिडला की दुसरा दुसऱ्या जिन्याचा रस्ता काढून पाठीमागून यायचा. आणि हे सगळं तो बिनआवाज करायचा. चोर कधी ओरडतो का, असा माझा बिनतोड युक्तिवाद होता. उजेड पडल्यावर तो पुढच्याच फ्रेमला, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात, वळायचा. डोळ्याला काही दिसून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. हा हिशोब मला माहीत होता, पण तेव्हा तो माझ्या चोराच्या कौतुकाचा भाग होता.

पोरांना गेम खेळायला दिला तो सायबर कॅफे लालबागच्या एका गल्लीत आहे. पुढे झेरॉक्स, पॅन कार्डाचे फॉर्म, रेल्वेची तिकिटं. प्लायवूडच्या आडोशामागे चार गेमिंग मशीन. काउंटर-स्ट्राइक 1.6 या गोळीबाराच्या गेमच्या दिवसांत कॅफे चालवणाऱ्या काकांकडे बारा मशीन होती आणि दारात चपलांचा ढीग असायचा. आता पोरं मोबाइलवर खेळतात. रविवारी दुपारी दोन ते चार, जेवून मुंबई लवंडते तेव्हा, ही मशीन रिकामी असतात. काकांनी ती आम्हाला फुकट दिली. अट एकच घातली: "कुणाला बळंच बसवायचं नाही. उठावंसं वाटलं की उठू द्यायचं."

ही अट आम्हाला किती उपयोगी पडणार आहे हे तेव्हा कळलं नव्हतं. पहिल्या तासात आम्ही प्रत्येकाला "कसा वाटला?" असं विचारत होतो आणि प्रत्येक जण "मस्त" म्हणत होता. तोंडावर वाईट कोण म्हणणार? मग मी प्रश्न बंद केला आणि वहीत दोन रकाने आखले. मेल्यावर तोंडातून काय निघालं, आणि मेल्यावर हात कुठे गेला.

या दोन रकान्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही प्रश्नावलीने सांगितलं नसतं. "हा कुठून आला?" असं म्हणणाऱ्याचा हात बहुतेक वेळा मोबाइलकडे किंवा हनुवटीकडे जायचा. "आयला, मी वळायला पाहिजे होतं" म्हणणाऱ्याचा हात वाक्य संपायच्या आत स्पेसबारवर. दुसऱ्याच्या डोक्यात पुढचा डाव सुरूच झालेला असतो. मरणं दोघांचं सारखंच, पण एकाला आपण का मेलो हे कळलेलं असतं. पहिल्या रविवारी माझ्या वहीत जवळजवळ पानभर "कुठून आला?" हीच ओळ होती.

'बॉट' ही मुंबईतली शिवी

लबाडीचा आरोप मला पटकन समजला. ज्याचा हल्ला दिसत नाही, ऐकू येत नाही आणि जो माणसाच्या हाताला शक्य नाही इतक्या झटकन वळतो, त्याला पोरगा लबाड म्हणणारच. पण 'बॉट'?

तो कॉलेजवाला बीजीएमआयचा, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या गेमचा खेळाडू. पब्जी मोबाइलवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली आणि 2021 च्या जुलैत बीजीएमआय त्याच्या जागी आला. मधले दहा महिने या पोरांनी काय केलं हा वेगळाच विषय आहे. या गेममध्ये नवशिक्यांच्या सामन्यांत संगणकाने चालवलेले खेळाडू पेरलेले असतात. पहिल्याच दिवशी गडी जिंकतो, खूश होतो, आणि महिन्याभराने त्याला कळतं की आपण मारलेले निम्मे जण माणसं नव्हतीच. तेव्हापासून तो बॉट ओळखायला शिकतो: सरळ रेषेत पळतो, मध्येच उभा राहतो, दोन गोळ्या मारून पुन्हा थांबतो. गल्लीतल्या क्रिकेटमध्येसुद्धा हल्ली सोपा झेल सोडणाऱ्याला पोरं बॉट म्हणतात.

माझा चोर दाराशी अर्धा सेकंद थांबायचा. त्या अर्ध्या सेकंदात तो सगळे जिने तपासून, साथीदार कुठे आहे ते बघून मागचा रस्ता ठरवत असायचा. तिथेच तो सर्वांत हुशार होता आणि नेमकं तिथेच तो बॉटसारखा दिसायचा. बाहेरून बघणाऱ्याला विचार करणारा माणूस आणि ठोंब्या यांत फरक दिसत नाही, जोवर विचार करणारा डोकं खाजवत नाही.

या धंद्यातल्या जुन्या लोकांनी हे केव्हाच ओळखलं होतं. 1980 च्या पॅक-मॅन या गेममधली चार भुतं घ्या. लाल भूत सरळ तुमच्या मागे येतं. गुलाबी तुमच्या तोंडासमोर चार घरं पुढे नेम धरतं. निळं स्वतःची जागा तुमची आणि लालची जागा बघून ठरवतं. नारिंगी आठ घरांच्या आत आलं की बिचकून आपल्या कोपऱ्याकडे वळतं. प्रत्येकाचा नियम एका ओळीत मावतो. तोरू इवातानी यांना प्रत्येक भुताला स्वभाव द्यायचा होता आणि तो स्वभाव खेळणाऱ्याला पुस्तक न वाचता, दोनचार वेळा मरून कळतो. शिवाय ती भुतं सतत पाठलाग करत नाहीत. पहिल्या पातळीला सात सेकंद आपापल्या कोपऱ्याकडे पांगतात, मग वीस सेकंद मागे लागतात, पुन्हा पांगतात. माझा चोर पांगत नव्हता. दम खायला सवडच देत नव्हता.

मला खरं हलवलं ते 2005 च्या फिअर या गेमने. त्यातले सैनिक आजही हुशारीचं उदाहरण म्हणून सांगितले जातात. त्यांची अक्कल लिहिणाऱ्या जेफ ऑर्किन यांनी नंतर लिहिलेल्या लेखात एक कबुली आहे. सैनिक ओरडून कुमक मागवतात, पण कुमक बोलावण्याची सोय कोडमध्ये नाहीच. खेळणारा पुढे जातो, पुढे सैनिक आधीपासूनच असतात, आणि त्याला वाटतं, आली की कुमक! ते वाचून मला माझ्या चार महिन्यांची लाज वाटली. मी करून दाखवलं होतं आणि बोललो नव्हतो. त्यांनी नुसतं बोलून दाखवलं होतं.

गोधडीतलं रेकॉर्डिंग

मग आम्ही चोरांना तोंड दिलं.

आवाज मित्राच्या मामांचा. मामा मूळचे कणकवलीकडचे, राहणार परळ. नमन, दशावतार असं काही लागलं की पहिल्या रांगेत. रेकॉर्डिंगला खोली कुठली? मामींनी कपाटातले कपडे बाहेर काढले, आत आणि दारावर गोधड्या लावल्या आणि मामा त्यात डोकं घालून बसले. खाली गल्लीत कुणाच्या तरी हळदीचा बँजो वाजत होता, त्यामुळे दर दोन वाक्यांनंतर थांबायचं. मी कागदावर शुद्ध वाक्यं लिहून नेली होती: "तो तिकडे आहे. मी मागून जातो." मामांनी कागद वाचला, चष्मा काढला. "असा कोण बोलता रे? चोर हा की मास्तर?" मग त्यांनी आपल्या मनाने सुरू केलं. "बॅटरी दिसली रे!" "खंय गेलो तो?" "तू मागच्या जिन्यान जा!" "तो पडलो रे, पळा!" आणि एक वाक्य आम्ही मागितलेलंच नव्हतं, ते त्यांनी घाम पुसताना बाहेरच्या कुणाला तरी उद्देशून म्हटलं: "थांब, येतंय!" तेही आम्ही ठेवून घेतलं.

चोराच्या डावपेचांत आम्ही काही बदललं नाही. फक्त मागच्या जिन्याने निघायच्या आधी तो सांगायला लागला की मी मागच्या जिन्याने निघालोय. दाराशी थांबला की "खंय गेलो तो?" आणि मान डावीउजवीकडे. वळण्याचा वेळ साठाव्या भागावरून अर्ध्या सेकंदाच्या आसपास आणला. मैत्रिणीने स्वतःहून एक भर घातली: चोराच्या आधी त्याची सावली दारात पडते.

आणखी दोन गोष्टी केल्या, दोन्ही जराशा लाजिरवाण्या. एक, हल्ल्याचा नंबर. दवाखान्यात टोकन घेऊन बसतात तसं. पाच चोरांनी गराडा घातला तरी एका वेळी दोघांनाच मारायची परवानगी, बाकीचे शिव्या घालत भोवती फिरतात. सिनेमात हीरोला वेढलेले गुंड एकेक करून का येतात यावर आम्ही लहानपणी हसायचो. आता मीच तसे गुंड घडवत होतो. दुसरी, आडून येणाऱ्या चोराचा पहिला फटका नेहमी चुकतो. लाठी भिंतीवर आपटते, खण्ण आवाज होतो, मग खरी मारामारी. 2007 च्या बायोशॉकमध्येही शत्रूची पहिली गोळी मुद्दाम चुकवलेली होती असं गेमच्या कर्त्यांनीच सांगितलंय, त्यामुळे मनाला थोडं बरं वाटलं.

दुसऱ्या रविवारी वहीत "कुठून आला?" फार कमी वेळा लिहावं लागलं. आठवीतला तो पोरगा पुन्हा आला होता. पाठीमागून फटका भिंतीवर बसला तसा तो खुर्चीत उडाला, गर्रकन वळला, चोराला लोळवलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "बघितलंस? ऐकला मी त्याला!" लाठी मीच चुकवली होती. श्रेय त्याने घेतलं, आणि तेच व्हायला हवं होतं.

कॉलेजवाल्यासाठी मात्र एक खोडसाळपणा केला. त्याच्या मशीनवर चोरांची ताकद दुप्पट केली, अक्कल होती तेवढीच. अर्ध्या तासाने तो म्हणतो, "अपडेट केलंत ना? आता डोकं चालवतात." बंजी कंपनीला 2001 च्या हेलो या गेमच्या चाचण्यांत हाच अनुभव आला होता. तोच शत्रू जास्त चिवट आणि घातक केला की खेळणारे त्याला जास्त बुद्धिमान ठरवायचे. मला कारण साधं वाटतं. दोन फटक्यांत मेलेल्याला हुशारी दाखवायला वेळच मिळत नाही. म्हणून ताकद वाढवत सुटायचं असं नाही. दुप्पट आम्ही ठेवली नाही. चौथ्या रात्रीपर्यंत लाठी मारून बोटं दुखायला लागतात, हे आम्हाला आमच्याच बोटांनी सांगितलं.

कंडक्टर काकांचा कोपरा

इथवर सगळं 'सात रात्री'बद्दल. 'डबल ड्युटी'त तेच चोर, तेच आवाज, आणि नुसता मासळीबाजार. आठ जण एकदम "मागच्या जिन्यान जा" म्हणायला लागले तर कुणाचं ऐकायचं? मागून येण्यालाही अर्थ उरला नाही, कारण चहूबाजूंनी येतच होते. एका प्रकारात जी गोष्ट जीव धरून ऐकावी लागत होती तीच दुसऱ्यात लोकलमधल्या घोषणेसारखी झाली. आवाज होतो, कान देत कुणी नाही.

या प्रकारातला आमचा सर्वांत निष्ठावान खेळाडू होता बेस्टमधून निवृत्त झालेला एक कंडक्टर. पेन्शनच्या कुठल्याशा कागदाची प्रिंट काढायला आले आणि रिकामं मशीन बघून बसले. पाच मिनिटांत त्यांनी जिन्याखालचा कोपरा शोधला. पाठ भिंतीला, समोर एकच वाट. तिथे उभं राहून ते चाळीस मिनिटं लाठी चालवत होते. मी विचारलं, तर म्हणाले, "गर्दीत पाठ कशाला तरी टेकलेली पाहिजे. बत्तीस वर्षं तेच केलं."

मला तो कोपरा बघवेना. चाळीस मिनिटांत त्यांनी गेममधलं काहीच पाहिलं नव्हतं. आठवडाभरात मी त्याचा बंदोबस्त केला: कोपऱ्यात फार वेळ थांबलं की चोर दगड मारतात, मग मेन स्विच पाडतात. पुढच्या वेळी कंडक्टर काका आले, बसले, दगड खाल्ला, अंधार झाला, मेले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उठले आणि चष्मा पुसत म्हणाले, "खेळू द्या की जरा माणसाला." वहीच्या पहिल्या रकान्यात मी ते जसंच्या तसं लिहिलं. दुसऱ्या रकान्यात काय लिहिणार, हात छत्रीकडे गेला होता.

त्या संध्याकाळी कॅफेच्या काकांशी बोलत बसलो. त्यांना मी लेफ्ट फोर डेड या गेमची जन्मकथा सांगितली, कारण ती त्यांच्याच आवडत्या गेममधून निघालेली आहे. टर्टल रॉक स्टुडिओची मंडळी काउंटर-स्ट्राइकसाठी बॉट बनवत होती. त्यांना असं आढळलं की मूठभर माणसांच्या हातात बंदुका आणि अंगावर धावून येणाऱ्या झुंडीभर बॉटांच्या हातात नुसते चाकू दिले की भलतीच मजा येते. त्यातून 2008 चा लेफ्ट फोर डेड उभा राहिला. एकेकटा घेतला तर तिथला झोंबी मूर्ख आहे, थेट अंगावर पळत येतो. हुशारी ठेवलीय वर, झुंड कधी सोडायची आणि खेळणाऱ्यांना दम कधी खाऊ द्यायचा हे ठरवणाऱ्या एका अदृश्य दिग्दर्शकात. मी म्हटलं, आपल्यालाही 'डबल ड्युटी'ला चोर मठ्ठ करून वर एक दिग्दर्शक बसवायला हवा.

काका झेरॉक्सचा ट्रे भरत होते. "ते तू बघ. पण मला एक सांग, भंगारचोर रखवालदाराला मारायला कशाला येईल? तो तांबं न्यायला येतो ना?"

मी काही बोललो नाही. सात महिने तिघांपैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं. आमच्या चोरांना चोरीच करायची नव्हती! गिरणीत शिरले की त्यांचा एकच धंदा: रखवालदार शोधा आणि मारा. चोर हे त्यांचं नुसतं नाव होतं. मागून येणं, थांबणं, ओरडणं, सगळी हुशारी एका अशा हेतूसाठी राबत होती जो त्यांच्या वेषाशी जुळतच नव्हता.

त्यानंतर कोडमधलं वागणं जेमतेम बदललं. बदलली ती त्यांची गरज. 'सात रात्री'त चोर आता माल शोधतो, पोत्यात भरतो, आणि रखवालदार दिसला तर आधी लपतो, मग पळतो. कोंडला तरच मारतो. हेलोमधले बुटके शत्रू आपला म्होरक्या पडला की धूम ठोकतात. तसंच आमच्याकडे पोतंवाला पडला की "तो पडलो रे, पळा!" म्हणत बाकीचे पांगतात. पहिल्यांदाच खेळणारा चोरांच्या मागे धावायला लागला. आधी तो फक्त मागे सरकत होता. आणि "मागच्या जिन्यान जा" या वाक्याला दुसराच अर्थ आला: पूर्वी ती धमकी होती, आता ती खबर आहे. मागचा जिना अडवलात तर पोतं तुमचं.

'डबल ड्युटी'तले दगड काढले, मेन स्विच काढला. कोपरा राहू दिला. तुम्ही तिथे उभे राहा, कुणी तुम्हाला हात लावणार नाही, फक्त लांब साचेखात्यातून तारा खेचल्याचा आवाज येत राहील आणि वरचा मालाचा आकडा घसरत जाईल. दोन लाटांमध्ये जरा शांतता ठेवली, रखवालदार टेकतो, थर्मासमधला चहा ओततो. हल्ली बहुतेकांना लाटांचा खेळ म्हटलं की 2008 च्या गिअर्स ऑफ वॉर 2 मधला होर्ड आठवतो: पाच खेळाडू, पन्नास लाटा. आमच्याकडे तेवढ्या लाटा नाहीत आणि आठच्या वर चोर आले की काकांची मशीन धापा टाकतात.

कंडक्टर काकांना परत यायला तीन आठवडे लागले. कोपऱ्यात गेले. तारांचा आवाज आला. आकडा 90 चा 80 झाला, 70 झाला. ते पुटपुटले, "नेतायत साले," आणि कोपरा सोडला. दोन मिनिटांत मेले. हात स्पेसबारवर गेला. पुन्हा कोपऱ्यात, पुन्हा आकडा, पुन्हा बाहेर, या खेपेला थोड्या आधी. त्या दिवशी त्यांची प्रिंट काढायची राहूनच गेली.

'जोडी'बद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. दोन माणसं शेजारी बसली की शत्रू कसा का असेना चालतो. बहीण-भाऊ खेळत होते. ती "तुझ्या मागे, तुझ्या मागे" ओरडत होती, तो "तू तुझं बघ ना" म्हणत होता, मामांचं एकही वाक्य त्यांच्या कानावर पडलं नाही आणि ते तासभर उठले नाहीत. चोरांची निम्मी अक्कल आम्ही तिथे बंद करून पाहिली. फरक त्यांना कळला नाही. मित्राला ती बंदच ठेवायची आहे, मशीनवरचा ताण कमी होतो म्हणून. माझा जीव होत नाही, म्हणून अजून चालू आहे.

सगळं सुटलंय असंही नाही. पळणारा चोर ज्यांना आवडत नाही असे लोक आहेत. त्यांना समोरासमोर मारामारी हवी असते आणि चोर पळाला की ते चिडतात. कॉलेजवाला त्यांतलाच. त्याच्यासाठी सातव्या रात्री एक न पळणारा पहिलवान ठेवलाय, पण ती ठिगळपट्टी आहे हे मलाही दिसतं. आणि पहिल्या रात्री मामांचा आवाज ऐकून सगळे हसतात. हसलेला माणूस घाबरत नाही. ते बरं की वाईट यावर आमच्या तिघांत अजून भांडण आहे.

एक भानगड मात्र नव्या कोडने केली. तिसऱ्या रात्री एखादा चोर पोतं घेऊन पळताना शेवटच्या दोन साच्यांच्या फटीत अडकतो. पोतं रुंद, फट अरुंद. त्याला रस्ता दिसत असतो, पण पाय पुढे पडत नाही, आणि 'मी येतोय' या खात्यात टाकलेलं एकच वाक्य तो म्हणत राहतो. सगळे चोर पळालेले असतात, गिरणी शांत होते, टिपूर चांदणं पडलेलं असतं आणि अंधारातून मामांचा आवाज येत राहतो: "थांब, येतंय! थांब, येतंय!" पोरांनी त्याचं नाव 'पाहुणा' ठेवलंय. त्याला कुणी मारत नाही. आठवीतला तो पोरगा तर रात्र संपवायच्या आधी मुद्दाम तिथपर्यंत जातो, त्याच्यावर एकदा बॅटरी मारतो आणि परत फिरतो. दुरुस्तीच्या यादीत पाहुणा एक नंबरला आहे. फट बारा पिक्सेलने रुंद केली की काम झालं. ती फाइल मी तीनदा उघडली आणि तिन्ही वेळा तशीच बंद केली.